दोन पाण्यांतून काढलेले कपडे

लाँड्री बंद केली त्या दिवशी आबांनी दुकानातून दोनच वस्तू घरी आणल्या. एक वाफेची इस्त्री आणि दुसरा, कपडे धुण्याच्या पावडरीचा अर्धा भरलेला निळा ड्रम. मोठी यंत्रं, लांब टेबलं, कपड्यांना खुणा करायच्या चिठ्ठ्या, सगळं नव्या मालकाला देऊन टाकलं. चाळीस वर्षं उभ्याने काम करून गुडघे बोलायला लागले होते. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि दुकानावरच्या खोलीत एकट्याने राहण्यात आता काही राम उरला नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे. आमच्याकडे या." सून म्हणाली, "तुमची खोली तयार आहे, उन्हाची बाजू आहे." आणि चार वर्षांच्या नातीने फोन हिसकावून विचारलं, "आबा, तू येताना वाफ आणशील?" म्हणून इस्त्री आली. ड्रम का आणला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अर्धा भरलेला होता, टाकवला नाही, एवढंच.

नातीला घरात सगळे बटण म्हणायचे. नाव आबांनीच ठेवलं होतं. जन्मली तेव्हा तोंड गोल गरगरीत आणि मधे दोन काळे डोळे. "हे तर दोन भोकांचं बटण आहे," असं ते म्हणाले आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

बटणला तान्ही असल्यापासून इसब होतं. डॉक्टर एक्झिमा म्हणत. कोपरांच्या खळगीत आणि गुडघ्यांच्या मागे कातडी कोरडी व्हायची, लाल व्हायची, खाजायची. पण आटोक्यात होतं, आणि त्याचं श्रेय तिच्या आईचं. सून एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक शोधणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग, आणि घरातही तिची नजर तशीच चालायची. अंघोळ कोमट पाण्याची आणि पाच मिनिटांची. अंग टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. कातडी ओलसर असतानाच मलम लावायचं. नखं दर रविवारी. अंगावर सुती कपडे, आणि ते धुवायला बिनवासाची, लहान मुलांची पावडर. डॉक्टरांनी दिलेली औषधाची ट्यूब कपाटात असायची, पण ती काढायची वेळ वर्षातून दोनदाच यायची. "कातडीला त्रास देणारं काही जवळ येऊ द्यायचं नाही, म्हणजे औषध फारसं लागत नाही," असं सून सगळ्यांना सांगायची.

आबा राहायला आले आणि आठवड्याभरात त्यांनी घरकामातला आपला वाटा उचलला. सून सकाळी मशीन लावून कामावर जायची. मुलगा काचेच्या कारखान्यात पाळीवर. बटणला दुपारी बालवाडीतून आणायचं, जेवू घालायचं, कपडे वाळले की इस्त्री करून घड्या घालायच्या, हे आबांकडे. त्यांना काम मिळालं म्हणून बरं वाटलं आणि सुनेला हात मिळाला म्हणून.

फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची. कपडे. बटणचं बनियन हातात घेतलं की त्यांना ते धुतल्यासारखं वाटायचंच नाही. कडेला पिवळट झाक, गळ्याशी दुधाचा डाग. एकदा ते म्हणाले, "सूनबाई, तुझी ही पावडर म्हणजे नुसती समजूत आहे. मळ निघत नाही तिने."

"मळ राहिला तरी चालेल बाबा, पावडर राहायला नको," सून हसून म्हणाली. "डॉक्टरांनी हीच वापरायला सांगितलीय."

आबांना ते पटलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी हॉटेलांच्या चादरी धुतल्या होत्या, वकिलांच्या कॉलरी धुतल्या होत्या. एका माणसाने तक्रार केली नव्हती. आणि एके दुपारी बटण मान खाजवताना दिसली तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की हे मळाचंच. कपडा नीट स्वच्छ नाही, म्हणून पोरीला खाज.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर त्यांनी दोरीवरचे बटणचे सगळे कपडे उतरवले. बाथरूममध्ये बादलीभर कढत पाणी काढलं. आपल्या खोलीत कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या ड्रममधली पावडर मूठभर आणि वर चमचाभर सोडा. कपडे भिजवले, चुबकले, दोन पाण्यांतून काढले, पिळले आणि होते तसे दोरीवर घातले. खरं तर चार पाणी काढायला हवी होती. दुकानात तर ते पाच काढायचे. पण कमरेतून सारखं वाकवत नव्हतं, आणि बटणला आणायची वेळ झाली होती. संध्याकाळी सुनेने कपाट उघडलं आणि म्हणाली, "अय्या, बनियन किती पांढरी दिसतायत!"

"बाबांचा हात लागलाय," मुलगा म्हणाला. "इस्त्रीनेसुद्धा मळ काढतील ते."

सगळे हसले. आबाही हसले. सांगायची हीच वेळ होती, पण सांगितलं नाही. सुनेला वाईट वाटेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिची पावडर कुचकामी आहे हे तिच्या तोंडावर कशाला सिद्ध करा? पोरगी बरी झाली की आपोआप कळेल.

मग ते रोजचंच झालं. बनियन, चड्ड्या, फ्रॉक, मोजे, उशीचा अभ्रा.

दीड महिन्यात बटणचं इसब मानेवर आलं. मग कमरेला, जिथे चड्डीचं इलॅस्टिक बसतं तिथे, लाल पट्टा उमटला. पोटऱ्यांवर मोज्यांच्या वरच्या काठाशी कातडी तडकली. ती झोपेत खाजवायची आणि सकाळी चादरीवर बारीक रक्ताचे ठिपके असायचे. आबा ते ठिपके पाहून चादर अधिकच जोरात धुवायचे.

सून हादरली. कपाटातली ट्यूब लावली की चार दिवस दबायचं आणि पुन्हा उसळायचं. तिने एक वही केली. बटणने सकाळी काय खाल्लं, दुपारी काय खाल्लं, खाज किती, लाली किती, सगळं तारीखवार. छापखान्यातल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं की इसब पोटातून येतं, खाणं बदलल्याशिवाय जात नाही. तिने आधी दूध बंद केलं. फरक पडला नाही. मग अंडं बंद केलं. बटणला अंडं फार आवडायचं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा गोळा ती शेवटी खायची, चाटत चाटत. मग गहू बंद, म्हणजे पाव गेला, बिस्किटं गेली. मग दाणे, सुका मेवा. दर वेळी दोन-चार दिवस बरं वाटल्यासारखं व्हायचं आणि सून आशेने वहीत खूण करायची. मग पुन्हा तेच. पोर उतरली. गोल तोंडाची हनुवटी टोकदार दिसायला लागली.

आबांचा जीव तुटायचा. पण ते म्हणायचे, आई आहे, तिला कळतं. आणि ते आपल्या परीने करता येईल ते करत होते: कपडे धूत होते.

मग शेजारच्या मुलाचा वाढदिवस आला. सुनेने बटणसाठी डब्यात वेगळा खाऊ दिला आणि आबांना बजावलं, "बाबा, लक्ष ठेवा हं." आबांनी लक्ष ठेवलं, पण मुलांच्या धावपळीत किती ठेवणार? सून कामावरून थेट तिथेच आली, तेव्हा बटण पलंगाच्या मागे बसून बिस्किट खात होती. एक हातात, एक तोंडात, दोन फ्रॉकच्या खिशात. सुनेने तिला बाहेर ओढलं आणि सगळ्यांसमोर तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

बटण रडली नाही. तोंडातलं बिस्किट तिने हातावर काढलं आणि आईपुढे धरलं. "घे," म्हणाली, "मी गिळलं नाही."

घरी आल्यावर सून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. भांडी नव्हतीच धुवायला.

त्या आठवड्यात मुलाने सुट्टी काढली आणि सगळे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई वयस्क होत्या. घाई करत नव्हत्या. त्यांनी बटणला टेबलावर बसवलं, मान पाहिली, कंबर पाहिली, मोजे उतरवून पाय पाहिले. मग वही चाळली.

"खाणं तुम्ही मनानेच बंद केलंत?"

"हो," सून म्हणाली. "पण फरक पडतोय, थोडा."

"वाढत्या मुलीचं इतकं सगळं असं तोडू नये. तपासणी करू आधी." बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "मला एक सांगा. पहिली चार वर्षं आटोक्यात होतं, आणि या आठ महिन्यांत बिघडलं. घरात काय बदललं? नवा साबण? गालिचा? कुत्रा-मांजर?"

"काही नाही."

"कपडे कशात धुता? बघा ना, जिथे कपडा घट्ट बसतो, नेमकं तिथेच जास्त आहे. गळा, कंबर, मोज्याची कड."

"तुम्ही सांगितलेल्याच पावडरीत. मी स्वतः मशीन लावते, जादा पाण्याचं बटण दाबून. त्यात कधी बदल केला नाही." सुनेने आठवून पाहिलं. "बदल म्हणाल तर बाबा आलेत राहायला. पण त्यांच्यामुळे तर माझं घर चालतंय."

बाईंनी आबांकडे पाहून मान डोलावली. आबांनीही डोलावली.

भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्चीवर ते बसले होते. हात मांडीवर होते. गळा, कंबर, मोज्याची कड. आता बोलायचं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात बाईंनी नवी ट्यूब लिहून द्यायला घेतली, मुलगा औषधाच्या दुकानाचं विचारायला लागला, बटणने "मोजे घालू का?" म्हणून विचारलं आणि आबांनी खाली वाकून तिचे मोजे चढवले. आपल्या हाताने, तेच मोजे.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर त्यांनी कपाटातून बटणचं एक इस्त्री केलेलं बनियन काढलं. घमेल्यात स्वच्छ कोमट पाणी घेतलं, बनियन त्यात बुडवलं आणि हाताने ढवळलं. दुकानात नवा माणूस कामाला आला की ते त्याला हेच करून दाखवायचे: धुतलेला कपडा साध्या पाण्यात हलवायचा, फेस आला तर काम कच्चं, पुन्हा खळबळून काढ.

फेस आला. पाण्याच्या काठाशी आधी बारीक बुडबुडे जमले, मग ढवळतील तसा पांढरा थर चढला. पाणी निसरडं झालं. त्यांनी दुसरं बनियन घेतलं. मग फ्रॉक. मग अभ्रा. सगळ्यांना फेस. दुकानातल्या एखाद्या माणसाने असा कपडा गिऱ्हाइकाला दिला असता तर त्यांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि हे त्यांनी आठ महिने पोरीच्या उघड्या कातडीवर चढवलं होतं.

ते बाथरूमच्या पायरीवर बसले. रडू आलं नाही. फक्त आपले हात त्यांना कसेतरीच वाटायला लागले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

दिवसभर त्यांनी कपडे खळबळले. पाच पाणी, सहा पाणी, फेस यायचा थांबेपर्यंत. पावडरचा ड्रम त्यांनी ओढत रस्त्याच्या टोकाला नेला आणि कचऱ्याच्या गाडीत चढवला. आणि मनाशी ठरवलं की आता हात लावायचा नाही, पोर बरी होईल, विषय संपेल. कोणाला सांगून काय होणार? सुनेचा जीव आणखी जळेल, एवढंच.

तीन आठवड्यांत बटणची मान निवळली. ट्यूबचंही काम होतंच. कमरेचा पट्टा फिका पडला. सकाळची चादर स्वच्छ यायला लागली. तपासणीची तारीख अजून महिन्यावर होती. सून वही घेऊन मुलाशेजारी बसली आणि तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला.

"बघ. गहू आणि दाणे बंद केल्याला आता पूर्ण दोन महिने झाले. वेळ लागतो म्हणतात, तो हाच. सापडलं एकदाचं!" मग तिने आबांकडे पाहिलं. "बाबा, आता काही झालं तरी परत द्यायचं नाही, दूध-अंडंसुद्धा. डॉक्टर काहीही म्हणोत. मोठी होईपर्यंत नाही."

हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी चूक थांबवली होती, पण चूक थांबल्याचं श्रेय उपाशी ठेवण्याला गेलं होतं, आणि आता ते उपाशी ठेवणं पक्कं झालं होतं. गप्प राहून त्यांनी पोरीच्या ताटातलं आणखी काही वर्षांचं जेवण काढून घेतलं होतं.

तरीही ते चार दिवस बोलले नाहीत. रोज सकाळी ठरवायचे, आज. चहाच्या वेळी सून घाईत असायची. संध्याकाळी ती थकलेली असायची. रविवारी ती आनंदात होती, आणि आनंदात असलेल्या माणसाला असलं काही कसं सांगावं? एकदा त्यांनी "सूनबाई, जरा बोलायचं होतं," अशी सुरुवातही केली. ती ओले हात पुसत समोर येऊन उभी राहिली आणि आबा म्हणाले, "इस्त्रीची वायर जरा सैल झालीय."

पाचव्या दिवशी दुपारी बटण जेवायला बसली. ताटात नेहमीचं, भात आणि उकडलेली भाजी. तिने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"आबा, मी आता बरी झाले ना?"

"झालीस की."

"मग मला अंडं मिळेल?"

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, अंडं नाही खाल्लं म्हणूनच बरी झाले." तिने थोडा विचार केला. "मग मला थोडंसं आजारी राहिलं तरी चालेल."

आबा उठले. फ्रिज उघडला, मुलासाठी ठेवलेल्या अंड्यांतलं एक काढलं, पातेलीत उकडायला ठेवलं. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. पाण्याला उकळी आली, दहा मिनिटं झाली, त्यांनी ते गार पाण्याखाली धरून सोललं. बटण खुर्चीवर उभी राहून बघत होती. पांढरं, गरम, गुळगुळीत अंडं तळहातावर घेऊन ते वळले, तेव्हा ती अगदी हळू आवाजात, शहाण्यासारखी म्हणाली:

"आईला सांगायचं नाही ना?"

आबांचा हात तिथेच थांबला. चार वर्षांच्या पोरीला त्यांनी हे कधी शिकवलं नव्हतं. पण घरात जे चालतं ते मुलं बघतात. बालवाडीला सुट्टी असली की कपडे बादलीत जाताना ती कितीदा बाथरूमच्या दारात उभी असायची. आणि आणखीही एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली. समजा, अंड्याचाही खरंच त्रास असला तर? आठ महिने तेच तर केलं होतं, मला कळतं म्हणून कोणाला न विचारता.

"सांगायचं," ते म्हणाले. "आईला सांगायचं. आई आली की मगच."

त्यांनी अंडं वाटीत ठेवलं, वाटी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि वर झाकण घातलं. बटण ओठ काढून रडली, मग खेळायला गेली. आबा टेबलाशी बसून राहिले.

सून साडेपाचला आली. चप्पल काढता काढता तिचं लक्ष गेलं. झाकण उचलून तिने आत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा! तुम्ही दिलंत तिला?"

"नाही. बस. मला बोलायचंय, आणि आज वायरबद्दल नाही."

ती बसली. त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवसापासून. मळाचं कसं वाटलं, ड्रम कुठे ठेवला होता, सोडा किती, पाणी किती. दोनच पाणी काढत होतो, कंबर दुखायची म्हणून. डॉक्टरांकडे कळलं. घमेल्यात बनियन घालून पाहिलं. फेस आला. तेव्हापासून बंद केलं, आणि तेव्हापासूनच ती बरी व्हायला लागली. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, वाटीकडे बघत होते.

त्यांचं संपल्यावर तिने विचारलं, "रोज?"

"रोज."

"अभ्रासुद्धा?"

"अभ्रासुद्धा."

ती उठली, वही घेऊन आली आणि मागची पानं उलटायला लागली. बोटाने तारखा शोधत होती. एका पानावर थांबली. तो वाढदिवसाचा दिवस होता. तिथे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: बिस्किटं, अंदाजे तीन. दुसऱ्या दिवशी खाज जास्त.

"मी तिला मारलं, बाबा," ती म्हणाली.

"त्यात तुझी चूक..."

"सगळ्यांसमोर मारलं. तिने तोंडातलं काढून दिलं मला."

सून वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसली.

"पावडरचं मी समजू शकते," शेवटी ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तुम्हाला वाटलं, केलंत. माझंही तेच झालं, कोणीतरी म्हटलं आणि मी पोरीचं जेवण तोडलं. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथे बसला होतात. मी म्हणाले, बाबांमुळे माझं घर चालतं. आणि तुम्ही मान डोलावलीत."

"हो."

"ते मला नाही समजत."

"मलाही नाही," आबा म्हणाले.

मुलगा आला तेव्हा त्याला सगळं कळलं. तो हबकला, पण स्वभावाने मवाळ, म्हणाला, "झालं ते झालं गं. म्हाताऱ्या माणसाने मायेपोटी केलं. जाऊ दे." सून त्याच्यावर उखडली. "जाऊ दे काय? तुला दर वेळी जाऊच द्यायचं असतं!" आबाच मधे पडले. "तिला बोलू दे," ते मुलाला म्हणाले. "माझी बाजू घेऊ नकोस. मला नकोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे डॉक्टरीणबाईंकडे गेले, नंबर लावून बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि "असू दे" असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तपासणीची तारीख अलीकडे ओढली. तपासणीत काही विशेष निघालं नाही, तरी बाईंनी एकेक पदार्थ, आठ-दहा दिवसांच्या अंतराने, घरच्यांच्या नजरेसमोर सुरू करायला सांगितला. आधी दूध, मग गहू, मग अंडं, दाणे सगळ्यात शेवटी. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "हे गेलं असं समजू नका. तिची कातडी मुळातच कोरडी आहे. थंडी पडली, हवा सुकली, घाम आला, की पुन्हा डोकं वर काढेल. तेव्हा एकमेकांना धारेवर धरू नका, मला दाखवा."

घरात मात्र पुढचे काही आठवडे जड गेले. सून कामापुरतं बोलायची. बटणचे कपडे ती स्वतःच धुवायची, स्वतःच वाळवायची आणि इस्त्री न करताच घड्या घालायची. आबांना ते रोज दिसायचं. त्यांनी मागितलं नाही. अंड्याच्या दिवशी तिने बटणला पहिला तुकडा भरवला आणि तासभर तिच्याकडे बघत बसली. आबा आपल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आपण समोर असण्याचा हक्क नाही असं त्यांना वाटलं. बटणच त्यांना शोधत आली, ओठांना पिवळं लागलेलं, आणि म्हणाली, "आबा, मला काहीच झालं नाही!"

आबांना आता एक खोड लागली. प्रत्येक गोष्ट विचारायची. "सूनबाई, हे ताट घासू का? सूनबाई, खिडकी लावू का? सूनबाई, हिला टोपी घालू का?" मुलगा हसायचा, "बाबा, श्वास घ्यायचं विचारलंत का?" सून हसायची नाही, पण उत्तर द्यायची. घाला. लावा. नको, राहू दे.

थंडी पडली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी म्हटलं होतं तसंच झालं. एका सकाळी बटणच्या कोपरांच्या खळग्या लाल होत्या. सुनेने बाही वर केली, पाहिलं आणि तिची नजर आपसूक आबांकडे गेली. क्षणभरच. लगेच तिने ती वळवली, पण दोघांनाही कळलं.

"विचार," आबा म्हणाले.

"नाही विचारायचं मला."

"विचार गं. विचारलंस तर बरं वाटेल."

तिने विचारलं. "कपड्यांना हात लावलात?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. मग बटणला मलम लावताना, मान वर न करता, म्हणाली, "थंडीचंच आहे. दिवसातून तीनदा लावावं लागेल आता." आबांना त्या 'बरं'मध्ये पूर्ण विश्वास ऐकू आला नाही. अर्धा आला. त्यांना वाटलं, अर्धाही पुष्कळ आहे, आणि उरलेला मागायचा आपल्याला अधिकार नाही.

पंधरा दिवसांनी छापखान्यात मोठं काम आलं. सून सकाळी डबा भरता भरता म्हणाली, "मला आज आठ वाजतील. हाही दुसऱ्या पाळीला आहे. बटणची अंघोळ तुम्ही घालाल?"

आबा वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली ठेवून म्हणाले, "मी?"

"तुम्हीच. पाणी कोमट, पाच मिनिटं. टिपायचं."

"माहीत आहे."

"माहीत आहे ते मला माहीत आहे," सून म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

संध्याकाळी त्यांनी टबात पाणी काढलं. हात घालून पाहिला, मग कोपर घालून पाहिलं, मग आणखी तांब्याभर गार ओतलं. घड्याळ काढून काचेच्या फळीवर उभं केलं. बटण पाण्यात बसली आणि एका प्लास्टिकच्या कासवाला पोहायला शिकवायला लागली. कासवाला येत नव्हतं. तिने त्याला दटावलं, समजावलं, पुन्हा सोडलं. आबांनी पाच मिनिटं झाल्यावर सांगितलं, "चला, बाहेर." ती म्हणाली, "त्याला अजून येत नाहीये." त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने कासवाला अजून एकदा सोडलं.

शेवटी ती बाहेर आली. त्यांनी टॉवेल पसरून तिला घेतलं, मान, कोपर, गुडघ्यांच्या मागे एकेक जागा दाबून टिपली. डब्यातलं मलम तळहातावर घेऊन आधी ते गरम केलं आणि मग वरून खाली, अंगावरची लव वळते त्या दिशेने, सावकाश लावलं. खळग्यांमधली लाली अजून होती, पण कातडी तडकलेली नव्हती. बटण त्यांच्या खांद्याला धरून उभी होती आणि त्यांच्या टकलावर ओल्या बोटाने रेघा काढत होती.

सून आली तेव्हा सव्वाआठ झाले होते. बटण झोपायच्या कपड्यांत चित्र काढत बसली होती. सुनेने पर्स ठेवली आणि विचारलं, "झाली अंघोळ?"

"झाली," आबा म्हणाले. "पाणी कोमट होतं. मलम लगेच लावलं. पण पाच मिनिटं नाही झाली, सात झाली. ती निघेना."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं.

"सात चालतील," ती म्हणाली, आणि त्यांचंही ताट वाढायला घेतलं.